तळाशी फिल्टर आणि वर वनस्पती: दोन्ही एका टाकीत नांदतील का?

प्रश्न: वडिलांची तीन फुटांची जुनी काचेची टाकी (९० × ३८ × ४५ सें.मी.) मी या वर्षी नाशिकच्या घरी पुन्हा सुरू केली. तळभर त्यांच्याच काळातील अंडरग्रॅव्हल, म्हणजे खडीखाली बसणाऱ्या, फिल्टरच्या प्लेट आहेत, दोन कोपऱ्यांत दोन उभ्या नळ्या आहेत आणि दोन्ही एकाच एअर पंपावर चालतात. वर दोन इंच खडी आहे. दोन एंजल, दहा विडो टेट्रा आणि चार कोरीडोरास आहेत. मासे छान आहेत; तक्रार वनस्पतींची आहे. ॲमेझॉन स्वोर्डची नवी पाने पिवळी येतात, त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहतात. क्रिप्टोकोराइनची सगळी पाने आठवड्यात विरघळून गेली. जावा फर्न खडीत लावले होते, ते काळे पडले. व्हॅलिस्नेरिया तेवढी जोमात आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून खताच्या गोळ्या मुळांशी खोचल्या, तर पाणी हिरवे झाले आणि काचेवर तंतूंचे शेवाळ आले. आता तो म्हणतो, प्लेट उपटून फेका, वनस्पतींची खास माती आणि कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा) फिल्टर घ्या. बाबा म्हणतात, आमच्या वेळी याच प्लेटवर सगळे जगत होते. कोणाचे ऐकू? आमच्याकडे वीजही अधूनमधून जाते, तेव्हा काय करावे तेही सांगा. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आपण सांगितलेल्या वनस्पतींसाठी प्लेट काढण्याची गरज नाही, मात्र त्यांतील निम्म्यांची जागा बदलावी लागेल. ज्या दिवशी आपल्याला पुढच्या बाजूला गवतासारखा हिरवा गालिचा, दाट लाल देठवर्गीय वनस्पती आणि सिलिंडरचा कार्बन डायऑक्साइड असे काही हवे असेल, त्या दिवशी दुकानदाराचे म्हणणे योग्य ठरेल आणि मग ते अर्धवट न करता पूर्ण करावे. टाकीला तळ एकच असतो. तो गाळणी म्हणून वापरायचा की मुळांची जमीन म्हणून, हे एकदा ठरवले की आपल्या पत्रातील जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्यातून निघते.

या फिल्टरचे काम साधे आहे. एअर स्टोनचे बुडबुडे नळीतून वर चढताना पाणी बरोबर घेऊन जातात, त्यामुळे प्लेटखालचे पाणी कमी होते आणि ते भरून काढण्यासाठी वरचे पाणी खडीतून सतत खाली झिरपते. खडीच्या दाण्यांवर वाढणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यांना लागणारा ऑक्सिजन याच झिरपत्या पाण्यातून मिळतो. खडीचा सगळा थर जैविक गाळणी बनत असल्यामुळे माशांच्या दृष्टीने ही व्यवस्था आजही उत्तम आहे, आणि आपले मासे ठणठणीत असण्याचे श्रेय तिलाच द्यायला हवे. आपल्या वडिलांचे म्हणणे म्हणून खोटे नाही. त्या काळी टाक्यांत वनस्पती थोड्या व सोशिक असत, दिवे मंद असत आणि मासे भरपूर असत. अशा टाकीला पोषणद्रव्ये वेगळी द्यावी लागत नसत.

अडचण मुळांपाशी सुरू होते, आणि ती किती मोठी आहे हे आपल्याच टाकीच्या मापांवरून काढता येते. तळाचे क्षेत्रफळ सुमारे ३४२० चौरस सें.मी. आहे. दोन इंच, म्हणजे ५ सें.मी. जाडीच्या खडीत साधारण ४० टक्के पोकळी धरली, तर खडीच्या फटींत एका वेळी जेमतेम ७ लिटर पाणी मावते. दोन्ही नळ्यांनी मिळून ताशी केवळ १०० लिटर पाणी उचलले, आणि हा अंदाज मी मुद्दाम कमी धरतो आहे, तरी खडीतील सगळे पाणी दर चार मिनिटांनी बदलते. नळ्यांवर एअर स्टोनऐवजी ताशी हजार लिटरचा पॉवरहेड (पाण्यात बुडवून चालणारा छोटा पंप) बसवला, तर हेच काम अर्ध्या मिनिटाच्या आत होते. नैसर्गिक तळ्याच्या किंवा संथ ओढ्याच्या तळाशी चिखलातील पाणी इतक्या झपाट्याने कधीच बदलत नाही. तेथे मुळांभोवतीचे पाणी बराच काळ स्थिर राहते आणि वरच्या पाण्यापेक्षा त्याचे रसायन वेगळे असते.

त्या वेगळेपणाचा सर्वांत मोठा लाभ लोहाच्या बाबतीत होतो. ऑक्सिजन कमी असलेल्या चिखलात लोह विरघळलेल्या रूपात टिकते आणि मुळांना ते सहज घेता येते. ऑक्सिजनयुक्त पाणी सतत वाहू लागले की तेच लोह गंजासारखे घट्ट रूप धारण करते व मुळांच्या दृष्टीने निरुपयोगी ठरते. आपल्या स्वोर्डची नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे ठळक लक्षण आहे. वनस्पतीला जुन्या पानांतील लोह काढून नव्या पानांना पुरवता येत नाही, म्हणून कमतरता आधी कोवळ्या पानांत दिसते. नत्र कमी पडले असते तर पिवळेपणा जुन्या पानांपासून सुरू झाला असता. आणि ज्या टाकीत सोळा मासे आहेत व खडीतील जिवाणू त्यांच्या अमोनियाचे रोज नायट्रेट करत आहेत, तेथे नत्राची टंचाई असण्याची शक्यता कमीच.

खताच्या गोळ्यांनी पाणी हिरवे का झाले, हेही आता ध्यानात येईल. खाली ओढ असलेल्या खडीत गोळी खोचणे म्हणजे चहाच्या गाळणीत साखर ठेवून वरून पाणी सोडण्यासारखे आहे. विरघळलेले नत्र व स्फुरद मुळांना हाताशी मिळण्यापूर्वीच प्लेटखाली जाते, नळीतून वर येते आणि सगळ्या टाकीत पसरते. तेथे त्याचा पहिला मानकरी शेवाळ असतो. गोळ्या वाईट नव्हत्या, जागा चुकली. खडीत शिल्लक असलेल्या गोळ्या सायफनच्या नळीने ओढून काढाव्यात, पुढील दोन आठवडे दर तीन-चार दिवसांनी एक चतुर्थांश पाणी बदलावे आणि दिवा रोज सहा-सात तासांपेक्षा जास्त लावू नये.

लोह द्यायचे ते थेट पाण्यात द्यावे, कारण या फिल्टरच्या टाकीत वनस्पतींचे जेवण पाण्यातूनच होते. मत्स्यालयासाठी मिळणारी द्रवखते चालतात, पण महाग पडतात. कोणत्याही कृषी सेवा केंद्रात १२ टक्के लोह असलेले चिलेटेड आयर्न (फेरस ईडीटीए, म्हणजे लोहाला धरून विरघळलेले ठेवणाऱ्या ईडीटीए या पदार्थाशी बांधलेले लोह) मिळते. मात्र पुडीवर फक्त लोहच आहे याची खात्री करावी. फवारणीच्या मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यांत तांबे व जस्तही असते, आणि तांबे गोगलगाई, कोळंबी व कोवळ्या माशांना घातक ठरते. दहा ग्रॅम भुकटी एक लिटर पाण्यात विरघळवल्यास दर मिलिलिटरमध्ये १.२ मिलिग्रॅम लोह येते. खडी वजा करता आपल्या टाकीत सुमारे १३० लिटर पाणी मावत असेल, म्हणजे ११ मिलिलिटर द्रावणाने लोहाचे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमने वाढते. आठवड्यातून दोनदा एवढे पुरते. द्रावण गडद बाटलीत, उजेडापासून दूर ठेवावे, कारण प्रकाशात ते लवकर खराब होते. बोअरच्या कठीण, पीएच सातच्या बराच वर असलेल्या पाण्यात ईडीटीएची लोहावरील पकड सैल होते. अशा वेळी डीटीपीए प्रकारचे लोह घ्यावे किंवा नळाचे पाणी वापरावे. आधी पिवळी झालेली पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. सुधारणा पाहायची ती त्यानंतर फुटणाऱ्या पानांत.

जावा फर्नचा फिल्टरशी काही संबंध नाही. त्याची आडवी खोडासारखी गाठ खडीत पुरली की ती कुजते, मग खाली प्लेट असो वा नसो. ॲन्युबियासचेही असेच आहे. काळी पडलेली बाजू कापून टाकावी आणि हिरवा तुकडा सुती दोऱ्याने लाकडावर किंवा काळ्या पाषाणाच्या तुकड्यावर बांधावा. आपल्याकडचा बेसाल्ट पाण्याची कठीणता वाढवत नाही, हा त्याचा आणखी एक गुण. तळाच्या फिल्टरसाठी या दोन वनस्पती आणि जावा मॉस यांच्यासारख्या सोयीच्या दुसऱ्या नाहीत, कारण त्यांना खडी लागतच नाही, आणि खडी मोकळी राहिली तर साफ करता येते.

क्रिप्टोकोराइनची पाने विरघळली म्हणून ती मेली असे समजून उपटू नये. जागा, पाणी किंवा प्रकाश बदलला की ही वनस्पती पाने टाकते व मुळे शाबूत राहिल्यास काही आठवड्यांत पुन्हा फुटते. उपटून पुन्हा लावली की ती परत पाने टाकते, आणि या फेऱ्यात शेवटी खरोखरच मरते. सह्याद्रीच्या ओढ्यांत क्रिप्टोकोराइन रेट्रोस्पायरॅलिस वाळू-खडकांच्या फटींत, वाहत्या पाण्यात वाढते. तेव्हा या कुळाला मुळांभोवती पाणी हललेलेच चालत नाही, हे दुकानांतून सर्रास ऐकू येणारे विधान मला मान्य नाही. तिला अडचण होते ती सततच्या उलथापालथीची. (ओढ्यांवरून किंवा कासच्या पठारावरून रोपे आणण्याचा मोह मात्र टाळावा. साताऱ्याच्या परिसरातील वायतुरा, म्हणजे ॲपोनोजेटन सातारेन्सिस, आधीच दुर्मीळ आहे.)

स्वोर्डची गोष्ट वेगळी आहे. तिच्या मुळांचा पसारा मोठा असतो, ती प्लेटच्या फटींत शिरून पाण्याचा मार्ग अडवतात आणि नंतर रोप हलवताना प्लेटसकट वर येते. तिच्यासाठी मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे मातीची कुंडी. झिलई नसलेली, १२ ते १५ सें.मी. रुंदीची उथळ कुंडी घ्यावी आणि तिच्या बुडाचे भोक काचेचा तुकडा व सिलिकॉन लावून बंद करावे. ही पायरी लोक हमखास विसरतात. भोक उघडे राहिले तर प्लेटची ओढ कुंडीतूनही पाणी खेचते आणि सगळा खटाटोप वाया जातो. आत शेणखत किंवा रासायनिक खत न मिसळलेली साधी लाल माती तीन-चार बोटे भरावी, तिच्यावर दोन-तीन सें.मी. धुतलेली जाड वाळू पसरावी आणि मग रोप लावावे. खताच्या गोळ्या आपल्याकडे उरल्या असतील तर त्या येथे, वाळूच्या खाली खोचाव्यात. आता त्या मुळांपाशीच राहतील. अशा दोन कुंड्या खडीवर ठेवून पुढे दगड लावले की त्या दिसतही नाहीत. पाच-सहा कुंड्या मांडल्या तर मात्र गाळणीचे क्षेत्रच झाकले जाईल, आणि तेव्हा प्लेट ठेवण्यात अर्थ उरणार नाही.

आपल्या प्लेट तुकड्यांच्या असल्यास दुसरा मार्गही आहे. अर्ध्या तळावरच्या प्लेट काढाव्यात, मध्ये तीन इंच उंचीची काचेची पट्टी सिलिकॉनने बसवावी, एका बाजूला फिल्टर व खडी ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला बारीक वाळू व मातीचा थर करून मुळे पसरणाऱ्या वनस्पती लावाव्यात. सोळा लहान-मध्यम माशांना अर्धा तळ गाळणी म्हणून पुरेल, कारण पाणवनस्पतीही पाण्यातील अमोनियम थेट वापरतात आणि जिवाणूंचे ओझे हलके करतात. यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. म्हणून कधीतरी ती उपसायची वेळ आली तरच हे करावे.

जुन्या पद्धतीतील एक कल्पना येथे सांगण्यासारखी आहे. जर्मनीतील डुप्ला या कंपनीने टाकीच्या तळाशी मंद उष्णता देणाऱ्या तारा आणि लोहयुक्त लॅटराइट माती यांची जोडी लोकप्रिय केली होती. ऊन झालेले पाणी तळातून अगदी सावकाश वर यावे आणि मुळांभोवती हलका प्रवाह राहावा, हा तिचा हेतू. लॅटराइट म्हणजे आपला कोकणातला जांभाच, म्हणून काही मंडळी त्याची भुकटी खडीत मिसळतात. तळाच्या फिल्टरवर ते करू नये. भुकटी फटींतून खाली उतरते, नळीतून वर येते आणि टाकीचे पाणी तांबडे होऊन बसते. नव्या वनस्पती-मातीचेही तेच. तिचे गोळे कालांतराने फुटतात आणि प्लेटखाली चिखल साचतो. म्हणून दुकानदाराची माती आणि वडिलांची प्लेट एकत्र वापरण्याचा मध्यममार्ग आपल्याला कोणी सुचवला, तर तो साफ नाकारावा.

बुडबुड्यांमुळे कार्बन डायऑक्साइड उडून जातो, हे आपण ऐकले असेल. ज्याने सिलिंडर लावला आहे त्याच्यासाठी ते खरे आहे. आपण लावलेला नाही, तेव्हा बुडबुडे पाण्याला फक्त हवेच्या बरोबरीत ठेवतात, म्हणजे लिटरमागे साधारण अर्धा ते पाऊण मिलिग्रॅम. भर दुपारी दाट वनस्पतींनी पाण्यातील साठा संपवलेला असताना उलट हवेतूनच नवा वायू पाण्यात येतो. त्यामुळे या कारणासाठी पंप बंद करू नये.

खडीचा दाणा २ ते ५ मिलिमीटरचा असावा. बारीक वाळू प्लेटच्या फटी बुजवते आणि मोठ्या गोट्यांमध्ये खाद्य अडकून सडते. आपल्या दोन इंचांत आणखी अर्धा-एक इंच भर घातल्यास व्हॅलिस्नेरियाला आधार मिळेल. नव्या खडीवर थोडे व्हिनेगर टाकून पाहावे. फेस आला तर तीत चुना आहे आणि ती पाणी कठीण करील. साफसफाई हा मात्र या फिल्टरचा खरा हप्ता आहे, आणि तो चुकवल्यामुळेच त्याचे नाव खराब झाले. दर पंधरवड्याला पाणी बदलताना खडीचा एक तृतीयांश भाग सायफनने खोलवर साफ करावा, पुढच्या वेळी दुसरा भाग घ्यावा. एकाच दिवशी सगळी खडी ढवळू नये. वनस्पतींच्या मुळांजवळ फक्त वरचा गाळ उचलावा. दोन-तीन महिन्यांतून एकदा एअर स्टोन बाहेर काढून उभ्या नळीत बारीक लवचीक नळी थेट प्लेटपर्यंत सोडावी आणि खाली साचलेला गाळ ओढून काढावा. आपल्या वडिलांच्या काळापासूनच्या प्लेटखालून पहिल्या खेपेस जे काही निघेल ते बघून घाबरू नये.

जिवाणूंच्या या कामात पाण्याची क्षारताही, म्हणजे आम्ल पचवून पीएच स्थिर ठेवण्याची ताकदही, खर्च होते. एक मिलिग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे सात मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात. पाणी मुळातच मऊ असेल आणि बदलण्याचा आळस झाला असेल तर पीएच हळूहळू घसरतो, म्हणून महिन्यातून एकदा तो तपासावा.

पुढे कधी दुकानदाराच्या मार्गाने जायचे ठरलेच, तर प्लेट एका दुपारी उपटू नयेत. टाकीतील बहुतेक उपयोगी जिवाणू त्या खडीतच आहेत. नवा कॅनिस्टर किंवा स्पंज फिल्टर आधी सहा आठवडे जुन्याच्या जोडीने चालवावा, मगच मासे बादलीत हलवून प्लेट काढाव्यात, आणि नंतरचे दहा दिवस खाद्य निम्मे करून अमोनिया रोज मोजावा. २८ अंशांच्या पाण्यात पीएच सात असताना एकूण अमोनियाचा पाऊण टक्क्याच्या आसपासच भाग विषारी रूपात असतो. पीएच आठ असल्यास तो साडेसहा टक्क्यांवर जातो. बोअरचे पाणी वापरणाऱ्याने म्हणूनच अधिक सांभाळावे.

आता विजेबद्दल. तळाच्या फिल्टरचे हेच सर्वांत दुबळे अंग आहे. पंप थांबला की खडीतील जिवाणू उरलेला ऑक्सिजन वापरून टाकतात, आणि उन्हाळ्यात तो मुळातच कमी असतो: २५ अंशांना संपृक्त पाण्यात लिटरमागे सुमारे सव्वाआठ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. तासा-दोन तासांनी काही बिघडत नाही. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात ठेवावा आणि वीज गेल्यावर तो एखाद्या नळीला जोडावा; वेगळा एअर स्टोन पाण्यात सोडण्यापेक्षा हे चांगले, कारण त्याने खडीतील प्रवाहही चालू राहतो. मुख्य पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा किंवा नळीत उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीवाटे पंपात उतरते. आणि रात्रभर सगळे बंद राहिले असेल, तर सकाळी पंप लगेच सुरू करू नये. उभ्या नळीत सायफन सोडून प्लेटखालचे सुमारे १५ लिटर पाणी आधी फेकून द्यावे. आपल्या टाकीत प्लेटखाली आणि खडीच्या फटींत मिळून एवढेच पाणी असते. त्याला सडक्या अंड्यासारखा वास आला तर आणखी तेवढेच काढावे, क्लोरीन घालवलेले ताजे पाणी भरावे आणि मग पंप लावावा.